मुलींना लस, मातांचे काय?

गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकविणारे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना १९२५ साली प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत खटले, दंड व टवाळी सोसून ते चालविले. त्यांचे नाव निघाले की आज संततिनियमन तेवढे आठवते. त्यांच्या कार्याचे दुसरे अंग विस्मृतीत गेले आहे. संततिनियमनाइतक्याच आग्रहाने ते गुप्तरोगांविषयी लिहीत. स्त्रीपुरुषसंबंधातून होणारी लागण आणि स्त्रीचे प्रजननस्वास्थ्य हा एकच प्रश्न आहे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत, असा त्या लिखाणाचा रोख होता. शंभर वर्षांनंतर वैद्यकीय संशोधन नेमके याच ठिकाणी येऊन पोचले आहे. संशोधन पोचले, समाज व शासन मात्र अजून वाटेत आहेत.

अर्धाच स्वीकार

स्वातंत्र्यानंतर शासनाने कर्व्यांचा अर्धा विचार उचलला. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. परळ येथे प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९७० साली उभी राहिली. कार्यक्रमाची भाषा उद्दिष्टांची होती. अमुक इतक्या शस्त्रक्रिया, तमुक इतक्या तांब्या, असा हिशेब महिनाअखेरीस वर जात असे. पाळणा लांबला की थांबला याची नोंद ठेवणाऱ्या रजिस्टरात त्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखते का, तिच्या अंगावरून पांढरे जाते का, यासाठी रकाना नव्हता. तो कोणी मागितलाही नव्हता.

हा रकाना गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत प्रथम भरला गेला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतील ९२ स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यांत लागणीच्या विकारांचा वाटा मोठा होता. यापूर्वी कधी तरी तपासणी झाली होती अशा स्त्रिया शंभरांत जेमतेम आठ निघाल्या. ‘प्रजननस्वास्थ्य’ ही कल्पना जगातील शासनांनी १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत मान्य केली. गडचिरोलीच्या खेड्यांनी ती पाच वर्षे आधीच आकड्यांत मांडून ठेवली होती.

बाळाची काळजी, आईचा विसर

विषाणूंविषयीच्या संशोधनाची वाटही बराच काळ अशीच एकांगी राहिली. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना १९४१ साली नवजात बालकांत मोतीबिंदूचे प्रमाण अचानक वाढलेले दिसले. त्या बालकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर होऊन गेला होता. विषाणू आईच्या शरीरातून गर्भाला इजा करू शकतो हे त्यामुळे जगाला कळले. पुढील संशोधन बव्हंशी याच दिशेने गेले. आईकडून बाळाकडे होणारी एचआयव्हीची लागण औषधाने टाळता येऊ लागली, हा त्यातला मोठा विजय. २०१६ साली ब्राझीलमधील झिका विषाणूमुळे जागतिक आरोग्य संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली, तीही लहान डोक्याची बालके जन्मू लागल्यामुळे. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला आणि २०२४ साली पुणे शहरात गरोदर स्त्रियांनाही ही लागण झाल्याचे आढळले.

या संशोधनाचे मोल कमी नाही. परंतु त्यात स्त्री होती ती गर्भाचे आश्रयस्थान म्हणून. करोनाच्या साथीत हे पुन्हा प्रत्ययास आले. लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतून गरोदर स्त्रिया वगळल्या गेल्या आणि भारतात त्यांना लस घेण्यास परवानगी मिळाली ती २०२१ च्या जुलैत. त्या काळात परळच्या संस्थेने नायर रुग्णालयाच्या सहकार्याने करोनाबाधित गरोदर स्त्रियांची नोंदवही उघडली, ही या शहराच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय. ज्यांना चाचणीतून वगळले जाते त्यांची निदान नोंद तरी ठेवावी, हा विवेक त्या कामामागे होता.

खरे वळण मात्र याआधीच आले होते. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या चमूने १९८३ व १९८४ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार शोधून काढले. जगातील या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हे दोन प्रकार असतात. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचा बळी गर्भ नसतो. चाळिशी-पन्नाशीतली, संसाराचा गाडा ओढणारी बाई हाच त्याचा बळी.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. तिचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे अज्ञानाचे लक्षण होय. एका पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या पत्नीलाही ती होऊ शकते. सामान्यतः दोनेक वर्षांत शरीर या विषाणूला आपोआप घालवून देते. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो आणि मग पेशींत हळूहळू बदल होऊन कर्करोग होण्यास बहुधा पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीबाधित स्त्रियांत ही मुदत कमी असते. एवढी लांब पूर्वसूचना देणारा घातक रोग विरळाच. आणि तरीही २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण व सुमारे ८० हजार मृत्यू झाले. जगातील पाचांतील एकाहून अधिक मृत्यू एकट्या भारतातील होते.

मुंबईतील कर्करोगाची नोंदवही १९६० च्या दशकापासून ठेवली जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण या शहरात अनेक दशके घटत आले आहे असे ती सांगते. ही घट कोणत्याही मोठ्या तपासणी मोहिमेविना झाली. मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली, बाळंतपणे कमी झाली, शिक्षण व स्वच्छता वाढली, यांचे ते फळ असावे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांत हा रोग पूर्वीइतका ऐकू येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की जेथे हे बदल पोचले नाहीत तेथेच तो साकळून राहिला आहे. ज्या रोगाची झळ वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या वर्गाला कमी लागते, त्याविषयी वर्तमानपत्रांत व विधिमंडळात गलका होत नाही, हा अनुभव नवा नाही.

परळ आणि बार्शी

या रोगावरील जगातले दोन अत्यंत महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रातच झाले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. साधन काय, तर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य अॅसेटिक आम्ल! ते गर्भाशयमुखाला लावले की बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसू लागतात. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या व चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांच्या पाहणीनंतर, २०१३ साली, डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निष्कर्ष जाहीर केला. तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.

दुसरा प्रयोग बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, टाटा मेमोरियल व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली आरंभला. ४९७ खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एकाची विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली, तिसऱ्याची व्हिनेगर लावून. चौथ्या गटाला नेहमीची सेवा मिळत राहिली. आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. चौथ्या गटातील सुमारे ३१ हजारांत ६४. उरलेल्या दोन गटांत मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. ज्यांच्या तपासणीत विषाणू आढळला नाही त्यांच्यापैकी एकही या रोगाने दगावली नाही. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हिनेगरची तपासणी वारंवार केली तर उपयोगी पडते आणि विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी मृत्यू निम्म्यावर आणते, असा या दोन्ही प्रयोगांचा एकत्रित अर्थ आहे.

दोन्ही प्रयोगांवर एक गंभीर आक्षेप आला. तपासणी उपयोगी असते हे ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे नीतीला धरून होते काय? देशात प्रचलित असलेली सेवाच त्यांना मिळत होती, असे संशोधकांचे उत्तर होते. प्रचलित सेवा म्हणजे काहीच नाही! हे उत्तर संशोधकांची बाजू सावरते की नाही यावर मतभेद होऊ शकतील. पण आरोग्यव्यवस्थेवर त्याहून कठोर टीका आजवर कोणी केलेली नाही.

अपघाताने मिळालेले उत्तर

विषाणूवर लस निघाल्यावरही महाराष्ट्रातील स्त्रियांचे जगावरचे ऋण वाढतच गेले. २००९ साली दोन डोस पुरेसे होतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी देशातील नऊ केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींवर चाचणी सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे व बार्शी ही केंद्रे होती. त्याच सुमारास आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये एका निराळ्या प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुलींचा मृत्यू झाल्याने खळबळ उडाली आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सर्वच लसीकरण थांबविण्यात आले. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसून आला नाही. मात्र वसतिगृहातील मुलींच्या वतीने पालकांऐवजी इतरांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ साली या कारभारावर कडक ताशेरे झाडले. गरिबाची संमती गृहीत धरण्याची सवय किती खोल मुरलेली आहे, हे त्यातून दिसले.

या खंडामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना सोडून न देता वर्षानुवर्षे पाहणी चालू ठेवली. एका डोसाने १६ व १८ या प्रकारांच्या चिवट लागणीपासून मिळणारे संरक्षण दहा वर्षांनंतरही ९५ टक्क्यांच्या आसपास असल्याचे २०२१ साली दिसून आले. इतर देशांतील पुराव्याबरोबर हा पुरावाही लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ साली एका डोसाला मान्यता दिली आणि गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च एकदम खाली आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या स्वदेशी लशीला त्याच वर्षी परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. हे सारे स्वागतार्ह आहे. लशीमुळे वंध्यत्व येते ही अफवा शाळाशाळांतून फिरते. तिला कोणताही आधार नाही, हे शिक्षकांनी पालकसभेत स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

राहिलेली पिढी

परंतु लशीच्या या गाजावाजात एक साधा हिशेब नजरेआड होतो. लस लागण टाळते. झालेली लागण बरी करीत नाही. आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलीला लस मिळाली तर तिचा लाभ ती चाळिशीत पोचेल तेव्हा, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांनी, मृत्यूच्या आकड्यांत दिसेल. तोपर्यंत मरणाऱ्या स्त्रिया आजच्या तिशी-चाळिशीत आहेत. त्या मुलींच्या माता होत. त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग आहे.

आणि तपासणीची स्थिती काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची ही तपासणी एकदा तरी झाली होती त्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. शंभरांत दोनसुद्धा नाहीत! तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करण्याचे राष्ट्रीय धोरण २०१६ सालीच ठरले होते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन उद्दिष्टे ठरविली: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची खात्रीलायक तपासणी आणि रोग आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार. दोनांवरून सत्तरावर जायचे तर लशीइतकाच, किंबहुना अधिक, भर तपासणीवर द्यावा लागेल. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड काठोकाठ भरलेला आहे आणि पोहरा कोरडा आहे.

लशीकडे शासनाचा ओढा असावा यात आश्चर्य नाही. लस एकदा टोचली की काम संपते; टोचलेल्यांचा आकडा जाहीर करता येतो. तपासणीचे तसे नसते. दोष आढळलेल्या बाईला पुन्हा बोलवावे लागते, तिच्यावर उपचार करावे लागतात, ती आली नाही तर तिच्या दारी जावे लागते. त्यासाठी चिकाटीची यंत्रणा हवी आणि अशा यंत्रणेच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

तीन आक्षेप

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला खर्चाचा. विषाणूची तपासणी महाग, ती गरीब देशाला झेपणार नाही, हे बार्शीच्या काळी खरे होते. आता गोव्याच्या मोलबायो व पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांनी देशी चाचण्या तयार केल्या असून २०२५ साली परळच्या प्रजननस्वास्थ्य संस्थेसह अन्य राष्ट्रीय संस्थांनी त्या पारखून घेतल्या आहेत. शिवाय खर्चाचा विचार करताना खर्च न करण्याची किंमतही मांडली पाहिजे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या पदपथांवर गावाकडची जी कुटुंबे महिनोन्‌महिने मुक्काम करून असतात, त्यांचा बुडालेला रोजगार, विकलेली जनावरे, मुलीची सुटलेली शाळा यांची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही. आई गेलेल्या घराची पुढील दहा वर्षे कशी जातात हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. टाटा मेमोरियलच्या प्रयोगाने दहावी शिकलेल्या सेविकांच्या हातून तो केव्हाच खोडून काढला आहे.

तिसरा आक्षेप लाजेचा, आणि तो खरा आहे. चाळीतली असो वा वाडीतली, अंगावरून जाते हे बाई शेजारणीला सांगेल, डॉक्टरला सांगणार नाही. रजा घेऊन, घरी कारण सांगून, रुग्णालयाच्या रांगेत ती उभी राहणार नाही. यावरही संशोधनाने तोडगा काढला आहे. विषाणूच्या तपासणीसाठी नमुना स्त्री स्वतः, आडोशाला, एका लहान ब्रशने घेऊ शकते. परक्या माणसाने तपासण्याची गरज उरत नाही. ज्यांच्यात विषाणू आढळेल त्या थोड्यांनाच पुढे बोलवावे लागते. बिघडलेल्या पेशी उष्णतेने जाळण्याचा उपचार बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतो.

मुंबईत २०२२ साली ‘आपला दवाखाना’ ही योजना सुरू झाली तेव्हा रात्री दहापर्यंत दवाखाने उघडे ठेवण्याचे तत्त्व तिने मान्य केले. नोकरदार व कष्टकरी स्त्रीला सायंकाळी सातनंतरच सवड मिळते, हे त्यामागचे शहाणपण या तपासणीला लागू करणे कठीण नाही. प्रत्येक प्रभागात तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची यादी, दवाखान्यात नमुन्याची सोय, निकाल कळविण्याची व न आलेलीला गाठण्याची एका नावानिशी ठरलेली जबाबदारी, एवढे केले तरी पुरे. शाळेत मुलींना लस देण्याचा दिवस ठरतो तेव्हा त्यांच्या मातांनाही त्याच दिवशी बोलावून तपासणीची माहिती द्यावी. कचेऱ्यांनी व महाविद्यालयांनी आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावा. यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

वैद्यकीय ज्ञान आकाशातून पडत नाही. कोणी तरी आपले शरीर त्यासाठी पुढे केलेले असते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख आणि मराठवाड्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांनी ते केले. त्यांच्यापैकी तपासणीविना राहिलेल्या गटातील ६४ जणींच्या मृत्यूमुळे, शेजारच्या गटात ३० जणी वाचल्या हे जगाला मोजता आले. त्या मोजमापावर इतर देशांनी आपली धोरणे आखली. ज्या जिल्ह्यातून आणि ज्या शहरातून हे ज्ञान निघाले तेथील स्त्रीला ते आधी मिळावे, एवढीच मागणी आहे. ती दयेची नसून येणे असलेल्या रकमेची आहे. आणि थकबाकीवर व्याज चढत असते, हे अर्थखात्याला तरी सांगावे लागू नये.